माल की माळ

गेल्या वर्षी दिवाळीला वीसएक दिवस असताना नातीचा फोनवर निरोप आला. ती जॉर्जियात, तिबिलिसीला डॉक्टरकी शिकते. (जॉर्जिया म्हटले की आमचे शेजारी "म्हणजे अमेरिकेतले का?" असे विचारतात, आणि मला दर वेळी नकाशावर काळा समुद्र दाखवावा लागतो.) निरोप मराठीत होता, पण अक्षरे इंग्रजी. चष्मा पुसून मी वाचले : "आजोबा, फराळासोबत मला पाठवा."

काय पाठवा? मी दोनदा वाचले, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचले. पोरगी घाईत आहे, एखादा शब्द राहिला असेल, असे ठरवून आम्ही चकल्या थोड्या जास्त घातल्या, वर अनारशांचा एक डबा ठेवला आणि पार्सल रवाना केले. ते पोचले त्या दिवशी तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"आजोबा, माळा कुठंयत?"

"कसल्या माळा?"

"अहो, झेंडूच्या कापडी माळा! वसतिगृहाच्या दाराला लावायच्या होत्या. मी लिहिलं नव्हतं का, माळा पाठवा म्हणून?"

तिने लिहिले होते, यात शंका नाही. एम, ए, एल, ए. मी ते 'मला' वाचले. सूनबाई हसून हसून बेजार झाल्या. मी मात्र जरा ओशाळलो आणि ओशाळलेला म्हातारा करतो तेच केले, म्हणजे उपदेश. म्हटले, "तुमच्या फोनमध्ये आता देवनागरी आहे ना? मग आपल्या अक्षरांत लिहायला काय होते?"

"हात बसलाय, आजोबा. आणि इथलेसुद्धा पुष्कळ जण असंच लिहितात."

मग तिने मला जॉर्जियन लोकांची हकिगत सांगितली. त्यांची स्वतःची लिपी आहे. तेहतीस अक्षरे, सगळी गोल गोल, द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारखी वळलेली. तिचा त्यांना कोण अभिमान! सोव्हिएत अमलात १९२०नंतरच्या काळात कितीतरी भाषांना रोमन अक्षरे चढवली गेली, पण जॉर्जियनने आपली लिपी सोडली नाही. पुढे १९७८ साली राज्यघटनेतून जॉर्जियन भाषेचे राजभाषापण जाते की काय अशी वेळ आली, तेव्हा लोक तिबिलिसीच्या रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. अशी ही माणसे. पण मित्राला दोन ओळी धाडायच्या म्हटल्या की पुष्कळांचा अंगठा रोमन अक्षरांवरच जातो. त्यांच्या भाषेत 'क' दोन तऱ्हेचे आहेत. एक श्वास सोडून म्हणायचा, दुसरा घशाशी अडवून फटकन सोडायचा. एका 'क'ने 'कारी' म्हटले तर वारा, दुसऱ्याने म्हटले तर दार. सरकारी नियमाप्रमाणे रोमनमध्ये दुसऱ्या 'क'पुढे वर एक टिंबवजा खूण द्यायची असते. ती घाईत कोण देतो? तेव्हा 'कारी लाव' असे कोणी लिहिले तर वारा लावायचा की दार, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

"मग त्यांचा घोटाळा होत नाही?"

"नाही होत. लिहिणारा कोण आहे, हे माहीत असतं ना."

तिचे हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

आपल्याकडे तरी दुसरे काय चालते? साताऱ्याहून सांगलीला जाताना रस्त्यावरच्या पाट्यांतली फक्त इंग्रजी अक्षरे वाचण्याचा नाद एकदा लावून घ्या. प्रवास कसा सरला ते कळणार नाही. पाटणचे पतन झालेले दिसेल. वाळव्यातला आणि शिराळ्यातला ळ गळून गेलेला दिसेल. आणि आमचा माण तालुका! दहिवडी-म्हसवडचा, बारमाही दुष्काळाचा, पण मोठ्या जिद्दीच्या माणसांचा. तो इंग्रजीत लिहितात एम, ए, एन, म्हणजे नुसता 'मॅन'. एका परप्रांतीय पाहुण्याने मला गंभीरपणे विचारले होते की बायकांचा तालुका वेगळा आहे का. साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, तेव्हाच्या इंग्रजी पुस्तकांतून साताऱ्याला दोन-दोन टी असत. पुढे एक टी गेला. तरी साताऱ्याचे काही बिघडले नाही, कारण ती पाटी आपण वाचतच नाही, ओळखतो. गाव आधी डोक्यात असते, अक्षरे नुसती मान डोलावतात. ज्याच्या डोक्यात गाव नाही त्याने काय करावे?

माळांचा घोटाळा झाला त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण एम, ए, एल ही अक्षरे आमच्या घरात काही पहिल्यांदा आली नव्हती. त्यांची मोठी किंमत आम्ही एकदा मोजली आहे.

माझे थोरले चुलते, तात्या, दुसऱ्या महायुद्धात पलटणीत होते. आमचे गाव कृष्णाकाठी. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, आताच्या सांगली जिल्ह्यात. (मधली काही वर्षे आम्ही दक्षिण सातारेकर होतो. १९४९ साली जिल्हा तोडून ते नाव दिले आणि १९६० साली त्याचा सांगली झाला. माणूस जागचा न हलता त्याचा जिल्हा दोनदा बदलतो, हे आमच्या भागात नवल नाही.) लष्करात जायची रीत इकडे जुनी. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. तात्या गेले ते मात्र परंपरेने नव्हे, भाकरीसाठी. शाळा त्यांनी कधी पाहिली नव्हती. लहानपणापासून गुरांमागे.

त्या काळी फौजेत शिपायांना लिहाय-वाचायला शिकवत ते हिंदुस्थानी भाषेत आणि रोमन अक्षरांत. तिला रोमन उर्दू म्हणत. पठाण असो, मद्रासी असो की मराठा, सगळ्यांना एकच पाटी. परीक्षा होत, थर्ड क्लास, सेकंड क्लास अशी प्रमाणपत्रे मिळत आणि बढती त्यांवर अवलंबून असे. तात्यांनी ती परीक्षा दिली आणि त्यांना लिहिता येऊ लागले. तिशीच्या अलीकडल्या त्या माणसाला केवढा आनंद झाला असेल! पण त्यांना अक्षरे आली ती ए, बी, सी. 'ग म भ न' नाही. मग त्यांनी काय करावे? घरी मराठीत पत्र लिहिले, त्याच अक्षरांत. परक्याचा अंगरखा घालून घरचा माणूस दारात उभा राहावा, तशी ती पत्रे येत.

आता उर्दूत ळ नाही. तात्यांच्या पाटीवर जो अक्षरगट होता तो मुळात उर्दूच्या मापाने बेतलेला. त्यात ळ शिकवायचे कारणच नव्हते. तात्यांनी जिथे ळ आला तिथे एल लिहिला. आकार-अकाराचा भेदही त्यांना कोणी समजावला नसावा. दोन्हीला एकच ए. जिभेवर सगळे अक्षर जिवंत, कागदावर निम्मे मुके.

गावात इंग्रजी अक्षरे येणारे एकच, शाळेचे मास्तर. पत्र आले की आबा, म्हणजे माझे आजोबा, ते उपरण्यात गुंडाळून मास्तरांकडे नेत. मास्तर माणूस चांगला, पण त्यांना अक्षरे येत होती, तात्या येत नव्हते. आणि दिवस तरी कसले! बाहेर नाना पाटलांचे प्रतिसरकार जोरात, आणि आमचा एक माणूस इंग्रजांच्या पलटणीत. पत्र चारचौघांत मोठ्याने वाचायचीही चोरी. मास्तर आतल्या खोलीत, हळू आवाजात वाचत.

१९४४च्या पावसाळ्यानंतर इटलीतून एक पत्र आले. आत्याच्या लग्नात एका सोयऱ्याकडून पैसे उचलले होते. ते फिटले नव्हते, आणि सोयरा आता दारात येऊन बसू लागला होता. ही बातमी तात्यांना कळवलेली होती. त्यावर त्यांचे उत्तर चार वाक्यांचे : देणे ठेवू नये. मग एम, ए, एल विकावा. भाव आहे तोवर. मी आलो की परत करू.

आमच्याकडे त्या वेळी विकण्याजोग्या दोन गोष्टी होत्या. एक माल, म्हणजे हळद. सांगलीजवळ हरिपुराला, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, हळदीची पेवे असत. जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंड आणि आत मोठे पोट. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय राहायची. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, आधी वारा खेळू द्यायचा, नाहीतर माणूस आत गुदमरतो. (२००५च्या महापुरात त्यांतली बहुतेक पेवे गेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा पेवांची गोष्ट सांगायला म्हातारेच उरले होते.) आमच्या दोन वर्षांच्या पिकाची हळद अशाच एका पेवात होती, भाव चढायची वाट पाहत. आणि दुसरी गोष्ट माळ. गावाच्या वरच्या अंगाला साडेचार एकर. खडकाळ, पावसावरचा, पण बापजाद्यांचा.

मास्तर थबकले. आबांना म्हणाले, "हे माल पण होतं आणि माळ पण होतं."

आबा विचारात पडले. म्हणाले, "हळदीला आम्ही हळदच म्हणतो. माल म्हणतो त्यो अडत्या. आमचा पोरगा माल कशाला म्हणंल?"

"आणि पुढं लिहिलंय, मी आलो की परत करू. म्हणजे आल्यावर सोडवून घेऊ, परत करून घेऊ, असा अर्थ दिसतो."

हे आबांना पटले. विकलेली जमीन परत करून घेऊ, असे लढाईवरचा लेक म्हणतो आहे, यात त्यांना धीरही वाटला असावा. घरी येऊन त्यांनी सांगितले. आजी चुलीपुढे होती. ती म्हणाली, "परत करू म्हंजे परत हळद करू. जिमीन कुणी करतंय व्हय? हळद करत्यात, ऊस करत्यात."

आजीला कोणतेच अक्षर येत नव्हते. तिचे कोणी ऐकले नाही.

माळ विकला गेला. सोयऱ्याचे पैसे फिटले. चार-साडेचार महिन्यांनी पुढचे पत्र आले. त्यात तात्यांनी विचारले होते : हळदीला काय भाव आला? एच, ए, एल, ए, डी. त्यात घोटाळ्याला जागाच नव्हती. मास्तरांनी ते वाचले आणि म्हणे बराच वेळ कागदावरून मान वर केली नाही. आबाही काही बोलले नाहीत. तात्यांना उलट पत्र गेले त्यात सर्व खुशाल होते, म्हैस व्यायली होती, आणि हळदीबद्दल अवाक्षर नव्हते. ते पत्र अर्थातच मराठी अक्षरांत, मास्तरांच्या हातचे. तात्यांना ते वाचता येत नसे; पलटणीतला कोणी वाचून दाखवी. दोन्हीकडून मध्ये तिसरा माणूस.

तात्या माल का म्हणाले, याचा मला पुढे उलगडा झाला. फौजेच्या हिंदुस्थानीत माल हा रोजचा शब्द. कोठारातला माल, गाडीतला माल, उतरवायचा माल. रोमन अक्षरे ज्या भाषेतून आली त्या भाषेचे चार शब्द हाताला चिकटून आले, एवढेच. घरी बोलले असते तर ते हळदच म्हणाले असते.

१९४६ साली तात्या परत आले. आजी सांगायची, चहा पिऊन झाला आणि ते काठी घेऊन निघाले. कुणी विचारले नाही कुठे, कारण सगळ्यांना ठाऊक होते. माळाला नवा बांध पडला होता, कडेने शेराचे कुंपण. दिवे लागायच्या वेळी ते परत आले आणि हातपाय धुऊन जेवायला बसले. आबांना एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. आबा मात्र त्या दिवसानंतर त्यांच्याशी नजर चुकवून बोलत.

दोष कोणाचा, हे मी पुष्कळदा घोळवून पाहिले आहे. रोमन अक्षरांचा म्हणावे तर ते खरे नाही. गोव्यात राचोलला १६१६ साली फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. दहा हजारांवर मराठी ओव्या, आणि सगळ्या रोमन अक्षरांत; कारण देवनागरीचे खिळेच तिथे नव्हते. जन्माने इंग्रज असलेल्या त्या पाद्र्याने तेव्हाच ताडले होते की आपल्या मूर्धन्य अक्षरांची वेगळी सोय केल्याशिवाय ही भाषा कागदावर उतरायची नाही. गोव्याच्या रोमी कोंकणीत आजही ळ लिहितात तो दोन एल जोडून. केवढी साधी युक्ती! तात्यांच्या पाटीवर एल आणखी एक असता तर आमचा माळ वाचला असता. १९३८ साली सुभाषबाबूंनी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून साऱ्या देशाला रोमन लिपीचा विचार करायला सांगितले, ते गुजरातेत हरिपुऱ्याला. आमची हळद होती ती हरिपुरातच. अशा नामसाधर्म्याला काही अर्थ नसतो, पण आठवल्यावाचून राहवत नाही.

मला कळू लागले तेव्हा तात्या शेती पाहत. मी १९५४ साली पहिलीत गेलो. संध्याकाळी ओसरीवर कंदिलाशी पाटी घेऊन बसायचो. तात्या शेजारी येऊन बसत आणि मी गिरवतो ते पाहत. एके दिवशी मी उठलो तेव्हा त्यांनी पाटी ओढून घेतली आणि मी काढलेल्या 'क'वरून पेन्सिल फिरवली. मग रोजचाच परिपाठ झाला. मी शाळेतून जे अक्षर आणी ते तात्या रात्री गिरवत. मिशा पिकू लागलेल्या, हाताला नांगराचे घट्टे. पेन्सिल दर दोन दिवसांनी मोडायची आणि मला नवी मिळायची, म्हणून मी खूष. ते माझ्या वयाचे नाहीत, एवढा फरक सोडला तर आम्ही एकाच यत्तेत होतो.

ळ आला तेव्हा मला तो जमेना. दोन वाटोळी, एक इकडे फुगलेले, एक तिकडे. मी रडकुंडीला आलो. तात्यांनी पाटी घेतली आणि पहिल्या फटक्यात काढला. मग पाटी भरेपर्यंत ळच काढत राहिले. आजी दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली, आणि तिने मला नंतर उगाचच गूळ-शेंगदाणे दिले. मला त्याचे कारण कळायला पंधरा वर्षे गेली.

तात्यांना जाऊन आता तीस वर्षे झाली. त्यांची हिरवी लोखंडी पेटी साताऱ्याच्या घरात माळ्यावर आहे. माळांचा तो घोटाळा झाल्यावर मी ती खाली काढवली. प्रमाणपत्र, दोन बिल्ले, आणि सुतळीने बांधलेली सतरा पत्रे. आबांनी जपून ठेवलेली. मास्तर वाचत ती. मी ती सगळी एका बैठकीत वाचली. गंमत अशी, की मला कुठे अडले नाही. एल कुठे ल आणि कुठे ळ, हे आपोआप उमगत गेले, कारण प्रत्येक वाक्य तात्यांच्या आवाजात कानी पडत होते. 'बाळाला' तिथे बाळ, 'काल' तिथे काल, 'काळजी' तिथे काळजी. चार वाक्यांच्या त्या पत्राशी आलो आणि मुद्दाम परक्या माणसासारखे वाचून पाहिले. जमले नाही. मला ते 'माल'च ऐकू आले.

नातीला मी ही हकिगत फोनवर सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "साडेचार एकर?" तिच्या हिशेबी बरोबर होते. त्या माळावर आता उपसा सिंचनाचे पाणी आले आहे आणि द्राक्षांचा बाग उभा आहे. मी म्हटले, "ते जाऊ दे. तुझ्या माळा पाठवतो."

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. अक्षरे इंग्रजीच, पण एल तेवढा मोठ्या लिपीतला, शब्दाच्या मध्येच ताठ उभा. खाली लिहिले होते की मोठा एल म्हणजे ळ, हे आमच्या पिढीचे आहे, आजोबा. मी तिला देवनागरीत कळवले की समजले.

झेंडूच्या कापडी माळा मोती चौकातून घेतल्या, नारिंगी आठ आणि पिवळ्या चार. कुरिअरच्या खिडकीवर गेलो तर तिथे कागद भरून द्यायचा असतो : आत काय आहे, तेही इंग्रजी अक्षरांत. मी सावकाश लिहिले : एम, डबल ए, डबल एल, डबल ए. खिडकीतल्या तरुणाने कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"आजोबा, स्पेलिंग चुकलंय. एक एल जास्त झालाय," तो म्हणाला, आणि त्याने पेन उचलले.

"राहू दे, बाळ," मी म्हटले. "तो आमच्या घरचा आहे."